गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी एवढं तपासा

मे महिन्यात दुपारी दोनला जळगाव-भुसावळ रस्त्यावर गाडीचा एसी बंद पडला की काय होतं, हे खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. माझ्या शेजारी वडील बसले होते, तेव्हा ते ७० वर्षांचे होते. नोझलमधून येणारी हवा बाहेरच्या झळांइतकीच तापलेली होती. घरी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि मला स्वतःचाच राग येत होता.

त्या उन्हाळ्यात गॅस भरून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात परत भरला, तिसऱ्या उन्हाळ्यातही. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं, "गॅस संपला होता, भरून दिलाय." तिसऱ्या खेपेनंतर महिन्याभरात गारवा गेला, तेव्हा मी दुसऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) लावायच्या आधी टॉर्च घेतली, कंडेन्सरच्या जोडावरून बोट फिरवलं आणि तेलकट झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. आतली ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट ठेवणारी रबरी कडी, कडक होऊन चिरली होती. ती बदलली, व्हॅक्यूम मारला (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढला), वजन करून गॅस भरला. त्याला पाच उन्हाळे झाले, गॅसला पुन्हा हात लावावा लागलेला नाही.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो, पण तेवढ्याने दर उन्हाळ्यात एसी ठप्प होत नाही. दर वर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गारवा गेला म्हणजे गॅसच गेला असंही नाही. फिल्टर, पंखा, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), क्लच (कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणारा भाग), यांतल्या कशानेही एसी गरम हवा देतो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. ज्याला पैसे आणि हत्यारं कमी लागतात ते आधी बघायचं, गॅस सगळ्यात शेवटी.

आत काय चालतं, तेवढं आधी

माठातलं पाणी का गार होतं ते आपल्याला माहीत आहे. पाणी मातीतून झिरपून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एसीतही तेच घडतं. फरक इतकाच, की माठातलं पाणी उडून जातं म्हणून माठ रोज भरायचा, आणि एसीतला गॅस मात्र पकडून पुन्हा द्रव केला जातो.

कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो प्रचंड तापतो. मग तो रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे पंख्याची आणि समोरून येणारी हवा त्याची उष्णता काढून घेते आणि गॅसचा द्रव होतो. तिथून ड्रायर; हा आतला ओलावा शोषून घेतो. पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्ह. त्याच्या बारीक छिद्रातून द्रव बाहेर पडला की दाब एकदम कोसळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचं पुन्हा बाष्प होतं आणि तो आतल्या हवेची उष्णता खेचून घेतो. ब्लोअर ती गार हवा तुमच्या तोंडावर आणतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंशांच्या आसपासच उकळतो, म्हणून तर तो इतका गारवा देतो आणि म्हणूनच उघड्या हातावर पडला तर कातडी जाळतो.

बॉनेटखाली दोन अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या दिसतील. जाड नळी कमी दाबाची, ती गार असते. बारीक नळी जास्त दाबाची, ती गरम असते. एवढं लक्षात राहिलं तरी अर्धं काम झालं.

हात घालण्याआधी

इंजिन चालू ठेवून तपासायचं असेल तर गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये एक्झॉस्टचा धूर साचतो आणि तो जिवावर बेततो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून लांब. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, त्यात बोटं घालू नका. आणि एसीची कुठलीही नळी घरी सोडवू नका. आत दाब असतो.

पायरी १: तक्रार शब्दांत नेमकी मांडा

"एसी चालत नाही" या वाक्यातून कारागिराला काहीच कळत नाही. स्वतःला हे विचारा. हवा कमी येते की पुरेशी येते पण गरम आहे? गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम असं होतं का? सकाळी ठीक आणि दुपारी बंद? सुरुवातीला छान गार, अर्ध्या तासाने हवाच मंदावली? फक्त ड्रायव्हरच्या बाजूला गरम? यातल्या प्रत्येक लक्षणाचा दोष वेगळा आहे आणि नुसत्या लक्षणावरून निम्मी यादी बाद होते. मी तर फोनमध्ये टिपून ठेवतो, कारण गॅरेजच्या दारात उभं राहिलं की नेमकं आठवत नाही.

पायरी २: आकडा घ्या

हाताला "गार लागतंय" हे मोजमाप नव्हे. स्वयंपाकघरात वापरतात तसला सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. गाडी सावलीत उभी करा, काचा बंद, आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलेलं, तापमानाची कळ पूर्ण थंडवर, ब्लोअर मध्यम. शक्य असेल तर इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरा. दहा मिनिटांनी मधल्या नोझलमध्ये सुई घाला.

बाहेर ३० ते ३५ अंश असताना नोझलला ५ ते १० अंश मिळाले तर यंत्रणा ठणठणीत आहे. बाहेर ४२-४३ असेल आणि गाडी उभी असेल, तर १२ ते १४ अंशांवरही मी तक्रार करत नाही. विदर्भ-खानदेशात उन्हात तापलेल्या गाडीत बसताबसता गारवा मागणं हे एसीवर अन्याय करणं आहे. आधी सगळ्या काचा खाली करून गाडी दोन मिनिटं चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा लावा. ज्यांना एसी बिघडल्यासारखा वाटतो त्यांच्यातल्या काहींचं काम एवढ्यावर भागतं.

पायरी ३: हवेची वाट मोकळी आहे का

हवाच कमी येत असेल तर गॅसकडे बघूही नका.

पहिला संशय केबिन फिल्टरवर. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली झुकतो आणि मागे फिल्टरचं झाकण दिसतं. फिल्टर काढताना त्यावरच्या बाणाची दिशा बघून ठेवा. कच्च्या रस्त्याच्या गावात राहत असाल तर तो मातीच्या पापडासारखा निघेल. काळाकुट्ट झालेला फिल्टर झटकून परत घालू नका, नवीन घाला. काही जुन्या आणि कमी किमतीच्या मॉडेलांत कंपनीकडून फिल्टर येतच नाही, नुसती जागा असते. अशा गाडीत धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते. फिल्टर बसवता येत असेल तर बसवून घ्या.

पावसाळ्यात इथेच उंदीर घर करतात. फिल्टरच्या खोबणीत कापूस, शेंगांची टरफलं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे सापडले तर वायरीही नीट बघून घ्या, त्या कुरतडलेल्या असतात.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि १-२-३ वर गप्प असतो? तो ब्लोअरच्या रेझिस्टरचा दोष आहे. सुटा भाग मिळतो आणि बहुतेक गाड्यांत दोन स्क्रूंनी बसतो. यासाठी ब्लोअरची मोटर बदलायला सांगितली तर आधी रेझिस्टर तपासायला सांगा.

आता ते फसवं लक्षण. प्रवासाच्या सुरुवातीला मस्त गार, पाऊण तासाने हवा हळूहळू कमी होत जाते, ब्लोअरचा आवाज तर तेवढाच. एसी बंद करून पंधरा मिनिटं ब्लोअर चालू ठेवला की गाडीखाली पाण्याची धार लागते आणि हवा परत सुरू होते. याचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. कॉइल फार थंड झाली की कॉम्प्रेसर थांबवणारा एक छोटा तापमापक तिथे असतो, थर्मिस्टर म्हणतात त्याला. तो बिघडला किंवा हवा अडली की बर्फ होतो. गॅस थोडा कमी असला तरीही कॉइलवर बर्फ धरू शकतो, म्हणून आधी फिल्टर, मग थर्मिस्टर, मग दाब असा क्रम ठेवा.

पायरी ४: गरम हवा मिसळते आहे का

डॅशबोर्डच्या आत एक झडप असते. ती थंड कॉइलवरून आलेली हवा आणि हीटरवरून आलेली हवा किती मिसळायची ते ठरवते. ती मध्येच अडकली तर एसी गार करत असतो आणि शेजारीच हीटर ती हवा तापवत असतो. तापमानाची कळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हवेत काहीच फरक पडत नसेल, किंवा डॅशबोर्डमागून टिकटिक टिकटिक आवाज येत असेल, तर झडप हलवणाऱ्या मोटरचे दाते तुटलेत. जुन्या गाड्यांत मोटर नसते, केबल असते आणि ती निसटलेली सापडते.

पायरी ५: बॉनेट उघडा

माझ्या मते नवख्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. शहरातल्या एसीच्या बऱ्याच तक्रारी बॉनेटखालीच सुटतात.

*पंखा.* एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा सुरू झाला पाहिजे. काही गाड्यांत तो लगेच फिरतो, काहींत दाब वाढल्यावर मिनिटभराने. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर गारेगार आणि शहरात शिरून सिग्नलला थांबलात की गरम, हे लक्षण असेल तर जवळपास डोळे मिटून पंख्यावर बोट ठेवा. गाडी पळताना समोरची हवा कंडेन्सर गार करते, उभ्या गाडीत ते काम फक्त पंख्याचं. पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटर. आणि फिरत असला तरी जोर बघा. मोटरचे ब्रश झिजलेला पंखा फिरतो, पण हवा ओढत नाही.

एक घरगुती चाचणी फार उपयोगी आहे. गाडी उभी, एसी चालू, नोझलमध्ये थर्मामीटर. समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर बाटलीने किंवा पाइपने हलकं पाणी मारत राहा. दोन-तीन मिनिटांत नोझलचं तापमान चांगलं पाच-सात अंश खाली आलं, तर आतली यंत्रणा बहुतेक ठीक आहे आणि कंडेन्सरमधून उष्णता बाहेर पडत नाही. दोष पंख्याचा किंवा मळाचा. माझ्या ओळखीच्यांच्या दोन गाड्या या एका चाचणीने गॅस भरण्यापासून वाचल्या.

*कंडेन्सर.* किडे, गवताचं बी, चिखल, कधी अख्खी प्लॅस्टिकची पिशवी. साध्या पाइपच्या पाण्याने धुवा, गाडी गार झाल्यावर. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा प्रेशर पंप जवळून मारला तर बारीक पात्या आडव्या होतात आणि मग हवा कायमचीच अडते. धुताना कुठे तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा. गॅससोबत आतलं तेलही बाहेर येतं, त्यामुळे तो डाग म्हणजे गळतीचा पत्ता असू शकतो. महामार्गावर उडणारे खडे इथेच लागतात.

*क्लच.* बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसरच्या पुढे विजेच्या चुंबकावर चालणारा क्लच असतो. एसीचं बटण दाबलं की 'टक्' असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची चकती फिरू लागते. चकती स्थिर असेल तर कॉम्प्रेसर चालतच नाही. काही नव्या गाड्यांत क्लच नसतो, पुली कायम फिरते आणि कॉम्प्रेसरचं काम आतल्या व्हॉल्व्हवर कमी-जास्त होतं. तिथे ही चाचणी लागू नाही.

क्लच ओढत नसेल तर फ्यूज बघा. मग रिले. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. हॉर्नचा आणि एसीचा रिले पुष्कळदा एकाच नंबरचा असतो, तो अदलाबदल करून बघा. त्याने चालू झालं तर दुरुस्ती संपली. तरी नाही, तर मल्टिमीटरने क्लचच्या जोडणीवर व्होल्टेज मोजा. १२ व्होल्ट येतात आणि तरीही क्लच ओढत नाही, म्हणजे क्लचची कॉइल जळाली किंवा चकतीतली फट वाढली. कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ ओहम असतो, मीटर अनंत दाखवत असेल तर ती तुटलीय. सकाळी क्लच ओढतो आणि दुपारी गरम झाल्यावर सोडून देतो, ही वाढलेल्या फटीची खूण. त्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलायची गरज नसते, वॉशर काढून फट जुळवता येते.

व्होल्टेजच येत नसेल तर इंजिनचा संगणक किंवा प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला मुद्दाम थांबवतो आहे. इंजिन जास्त तापलं तरी तो एसी तोडतो, म्हणून कूलंटची पातळी बघा, गार इंजिनवर. आणि इथे एक कळकळीची विनंती. कुणी "स्विच डायरेक्ट करून देतो, लगेच चालू होईल" म्हणालं तर करू देऊ नका. गॅस कमी असल्यामुळे स्विचने कॉम्प्रेसर बंद ठेवलेला असतो. कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेल गॅससोबत फिरतं. गॅस नाही तर तेल परत येत नाही, आणि कोरडा चाललेला कॉम्प्रेसर थोड्याच दिवसांत जाम होतो. मग त्याचा धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. एका ओ-रिंगच्या कामाचं कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर आणि व्हॉल्व्ह बदलण्याचं काम होऊन बसतं.

पायरी ६: नळ्यांना हात लावून बघा

पंखा फिरतोय, क्लच ओढतोय, हवा पुरेशी आहे, तरी गारवा नाही. आता दहा मिनिटं एसी चालवून जाड नळीला हात लावा. ती गार आणि घामेजलेली हवी, थंड पाण्याच्या तांब्यासारखी. बारीक नळीला बोट नुसतं टेकवून काढा, ती भाजण्याइतकी गरम असू शकते. दोन्ही नळ्या सारख्याच कोमट असतील तर एकतर गॅस फार कमी आहे किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाही. बारीक नळी मध्येच एखाद्या ठिकाणी, विशेषतः ड्रायरनंतर, एकदम गार झाली किंवा तिथे दव धरलं तर त्या जागी अडथळा आहे.

पायरी ७: गेज काय सांगतात

इथून पुढचं काम गॅरेजात. पण आकडे वाचता आले तर समोर काय चाललंय ते कळतं. निळा गेज कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा. आर-१३४एच्या दोन्ही पोर्टची (गेज जोडायच्या तोंडांची) मापं वेगळी असतात, त्यामुळे योग्य कपलर वापरले तर अदलाबदल होत नाही.

आधी इंजिन बंद असतानाचा दाब बघा. गाडी काही तास सावलीत उभी असेल तर दोन्ही गेज सारखेच दाखवतात. ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय (दाबाचं एकक), ३५ ला ११५ च्या आसपास, ४० ला १३० हून थोडा जास्त. यापेक्षा खूपच कमी दाब म्हणजे यंत्रणा जवळजवळ रिकामी. बराच जास्त म्हणजे आत हवा किंवा दुसरा गॅस मिसळलाय. पण बरोबर तेवढाच दाब आला म्हणून गॅस पुरेसा आहे असं ठरत नाही. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तोच राहतो. निम्मा सिलिंडर संपला तरी स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत तशीच राहते ना, तसंच. इंजिन बंद असतानाचा आकडा दाखवून "बघा, फुल आहे" म्हणणाऱ्याला हे नम्रपणे सांगा.

आता इंजिन चालू करून बघा. ३५ अंशांच्या दिवशी निळा साधारण २५ ते ४५ पीएसआय आणि लाल २०० ते २५० मध्ये असावा.

दोन्ही कमी: गॅस कमी. दोन्ही जास्त: गॅस जास्त झालाय, आत हवा शिरलीय किंवा कंडेन्सर उष्णता सोडत नाही, पंखा पुन्हा बघा. निळा जास्त आणि लाल कमी: कॉम्प्रेसर आतून झिजला. निळा जवळपास शून्यावर किंवा त्याखाली: एक्सपान्शन व्हॉल्व्ह तुंबला. हा शेवटचा प्रकार येत-जात असेल, म्हणजे वीस मिनिटं गार, मग गरम, बंद करून चालू केलं की परत गार, तर आत ओलावा आहे. तो व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठून बसतो. ड्रायर बदलल्याशिवाय आणि नीट व्हॅक्यूम मारल्याशिवाय हे जात नाही.

पायरी ८: गळती शोधणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. सगळ्यात आधी सर्व्हिस पोर्टची प्लॅस्टिकची टोपणं काढून आतल्या पिनवर साबणाचं पाणी टाका. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी ती पिन असते आणि तिथून गळणं फार सामान्य आहे. मग सगळे जोड, कंडेन्सर, होजचे दाबून बसवलेले भाग, कॉम्प्रेसरचा पुढचा सील.

यंत्रणा रिकामी असेल तर नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघतात. नायट्रोजनच. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी तो स्फोट घडवतो. साधा हवेचा कॉम्प्रेसरही नको, कारण हवेसोबत ओलावा जातो. गळती बारीक असेल तर गॅससोबत यूव्ही डाय घालतात, आठवड्याभराने निळ्या टॉर्चखाली गळतीची जागा पिवळी-हिरवी चमकते. कूलिंग कॉइलची गळती डोळ्यांना दिसत नाही. तिथे नोझलपाशी किंवा पाणी बाहेर पडणाऱ्या नळीपाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरतात. ही कॉइल बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, त्यामुळे पुरावा बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

गळती आतून बुजवणाऱ्या औषधाच्या डब्यांपासून लांब राहा. ते व्हॉल्व्हमध्येही घट्ट होतं आणि पुढच्या कारागिराचं मशीनही खराब करतं.

पायरी ९: गॅस भरताना समोर उभे राहा

तुमच्या गाडीला किती गॅस लागतो ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. लहान गाडीला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. गॅसचा प्रकारही तिथेच असतो. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो वेगळा आहे, सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-१३४एमध्ये मिसळायचा नाही.

बरोबर पद्धत अशी. उरलेला गॅस मशीनने काढून घेणं. हवेत सोडून देणं नाही, कारण आर-१३४ए पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरदार आहे. मग सदोष भाग बदलणं. यंत्रणा उघडली असेल तर नव्या ओ-रिंगा, आणि बराच काळ उघडी राहिली असेल तर नवा ड्रायर. जितकं तेल बाहेर गेलं तितकंच, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं तेल. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम.

व्हॅक्यूमचा आकडा बघताना एक लक्षात ठेवा. मुंबईत किंवा पणजीत समुद्रसपाटीला गेज पाऱ्याच्या २९-३० इंचांपर्यंत जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे हवेचाच दाब कमी, म्हणून उत्तम पंपही गेजवर २८ च्या आसपास थांबेल. तो पंपाचा दोष नाही. पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं सुई जागची हलली नाही पाहिजे. हलली तर गळती अजून आहे, गॅस भरू नका.

शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस. नुसत्या गेजच्या अंदाजाने भरला तर कमी किंवा जास्त होतो. जास्त गॅसही गारवा कमी करतो आणि कॉम्प्रेसरवर ताण आणतो, हे अनेकांना पटत नाही.

डब्याचं किंवा सिलिंडरचं सील तुमच्यासमोर तोडायला सांगा. भेसळीचा गॅस ही किरकोळ फसवणूक नाही. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीत कंटेनरांमध्ये आर-१३४एच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड असलेला गॅस भरला गेला होता. त्याची अ‍ॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवेचा संपर्क येताच पेट घेणारं रसायन तयार झालं, कॉम्प्रेसर फुटले आणि कामगारांचे जीव गेले. कुणी स्वस्तात एलपीजीवर चालणारा एसी करून देतो म्हणालं तर उठून या. तो गॅस डॅशबोर्डमागे गळला तर तुमच्या घरची माणसं त्याच्या शेजारी बसलेली असतात.

थोडक्यात आणखी

एसी लावताच कुबट वास येतो, तो ओल्या कॉइलवरच्या बुरशीचा. मुक्कामाला पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, कॉइल वाळते. कोकणात आणि मुंबईत ही सवय लावाच. शेजारच्या सीटच्या पायाशी पाणी साचत असेल तर कॉइलचं पाणी बाहेर नेणारी रबरी नळी तुंबलीय. गाडीखालून तिचं तोंड मोकळं करा. एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी टपकणं मात्र चांगलं लक्षण आहे. गोडसर वासाचं, रंगीत, चिकट पाणी पायाशी आलं तर ते कूलंट आहे, हीटरची कॉइल फुटलीय.

हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, सील तेलाने ओला राहतो. पावसाळ्यात काचांवरचं धुकं घालवायलाही एसीच लावा, हवा मात्र बाहेरून घ्या.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या एसीला घरी हातच लावू नका. बहुतेकांत कॉम्प्रेसर काही शे व्होल्टवर चालतो, नारिंगी केबल ही त्याची खूण. तेलही वेगळं असतं. नेहमीच्या गाडीचं तेल त्यात गेलं तर विजेची गळती होऊ शकते. पंपाच्या होजमध्ये उरलेलं जुनं तेलही तिथे चालत नाही, म्हणून या गाड्या ज्याच्याकडे वेगळं मशीन आहे त्याच्याकडेच न्या.

माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही असते. गॅस भरल्याची तारीख, किती ग्रॅम, कुठला भाग बदलला, आणि दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा बाहेरचं आणि नोझलचं तापमान. दोन-तीन वर्षांच्या नोंदी समोर असल्या की एसी खालावतोय का हे आकड्यांत दिसतं, आणि गॅरेजातही तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोललं जातं. गेल्या मेमध्ये वडिलांना घेऊन भुसावळला गेलो, त्या दुपारची नोंद: बाहेर ४३, मधल्या नोझलला ११. वडील वाटेत झोपले होते.